कापूस पांढराच होता

हे चोपडा तालुक्यातलं आमचं घर, ओसरीत वेचणीचा कापूस पडलाय आणि त्यासमोर बसलीये ती आमची मोठी माय. मागच्या वर्षी इथंच बसून तिने गड्याला झापलं होतं, म्हणे कापूस पिवळा पडलाय, भिजलेला आणला. कापूस पांढराच होता हो, मोतीबिंदूने पिवळं झालेलं ते तिच्या डोळ्यातलं भिंग.

तरी आम्ही थांबलो. कोणी म्हणे मोतीबिंदू पिकू द्या, मग वेचणी होऊ द्या, मग उन्हाळा आला आणि जळगावकडचं ऊन 45 ला टेकतं तेव्हा ऑपरेशन नको, थंडीत बघू. आता वाटतं उगाच थांबलो, कारण पिकलेलं भिंग कडक होतं, ते फोडायला जास्त ताकद लावावी लागते, त्यानं बुबुळ सुजतं, आणि कधी 6-7 मिलिमीटरची मोठी चीरच घ्यावी लागते. तिचाही रिझल्ट चांगल्या हातांत चांगला येतो, पण जोखीम आपणच वाढवलेली असते ना.

फेको म्हणजे छोट्या चिरेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यात चीर साधारण 2 ते 3 मिलिमीटरची. बारीक सुई आत जाते, अल्ट्रासाऊंडने भिंग फोडून ओढून घेते, पातळ कवच तेवढं ठेवतात. आता त्या कवचात बसवायच्या नव्या लेन्सचा मधला भाग 6 मिलिमीटरचा, मग ती एवढ्याशा चिरेतून जाते कशी? तर मऊ असते, गुंडाळून नळीतून सोडतात आणि कवचात गेली की हळूहळू उलगडते. 1949 मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडलीने पहिली लेन्स बसवली ती कडक प्लॅस्टिकची होती, तिला असं दुमडता येत नव्हतं. चीर छोटी म्हणून बहुतेकदा टाका नाही, आणि टाक्याच्या ओढीने बुबुळाचा आकार बिघडून चष्म्याला येणारा सिलिंडर नंबरही कमी, म्हणूनच आता ऋतू बघत बसायचं कारण उरलं नाही.

गणपती उठले आणि उजवा डोळा केला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तर तिने आधी स्वतःच्या हिरव्या बांगड्या बघितल्या, मग म्हणाली, "बठ्ठं दिखस रे!" म्हणजे सगळं दिसतंय रे! मला तर रडूच आलं.

पण साधी लेन्स लांबचं दाखवते, पोथी वाचायला चष्मा लागतोच. शुगरने डोळ्याच्या आतला मागचा पडदा खराब झाला असेल तर लेन्स कितीही भारी टाका, नजर तेवढीच येणार. काही वर्षांनी परत धूसर झालं की लोक म्हणतात मोतीबिंदू पुन्हा आला, तो येत नसतो, मागचं कवच गढूळ होतं आणि लेसरने काही मिनिटांत साफ होतं. एक मात्र ऐका, ऑपरेशननंतर डोळा लाल झाला, ठणकला, दिसणं कमी झालं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री डॉक्टरकडे न्या.

आता बघा ती काय करतेय. डावा डोळा झाकते, कापूस पांढरा. उजवा झाकते, पिवळा. डाव्याची तारीख पुढच्या गुरुवारची आहे, ऐन वेचणीत.