‘सोप्यार दवर!’

(गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका गावच्या वाचनालयात एका निवृत्त पोस्टमनने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय पार्सलांच्या चोरीचा आहे, पण सुरुवात मी पावापासून करतो. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांच्या गेटला आज सकाळी एक पिशवी लटकत होती. पदेर, म्हणजे पाववाला, आला, भोंगा वाजवला, चार पाव आणि दोन पोळ्या पिशवीत टाकल्या आणि गेला. घरातले कोणी उठलेही नव्हते. पैसे महिनाअखेर. सही नाही, ओटीपी नाही, कॅमेरा नाही. कुत्र्याने पाव नेला, कावळ्याने टोचला, हे मी ऐकले आहे. माणसाने नेला असे या वाड्यावर माझ्या कानी आलेले नाही.

तेच गेट, तोच सोपो, म्हणजे घरापुढचा ओटा, तीच माणसे. मग पार्सल कसे नाहीसे होते? याला एक ठरलेले उत्तर आहे: ‘बाहेरचे लोक आले ना!’ मला हे उत्तर आळशी वाटते. पाव जाग्यावर राहतो याची कारणे साधी आहेत. वस्तू चार-पाच रुपयांची. आणणारा रोज तोच, त्याचा बापही आपल्या बापाला पाव देत होता. आणि पाव आला नाही तर ते पाच मिनिटांत कळते, कारण चहा चुलीवर असतो. पार्सलाचे तिन्ही उलटे. आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून मोह. आणणारा मुलगा आज एक, उद्या दुसरा. आणि ते कधी येणार याचा घरात कोणाला पत्ताच नसतो, कारण मागवलेले असते बंगळुरूला बसलेल्या मुलाने, आईच्या नावावर, ‘सरप्राइज’ म्हणून.

मी टपाल खात्यात होतो. त्या काळी आमच्या हातातून जे जायचे त्याचे दोन प्रकार: साधे टपाल आणि सहीचे टपाल. साधे पत्र दाराखालून सरकवायचे. सहीचे म्हणजे रजिस्टर, मनीऑर्डर, व्हीपी, विमा. ते माणसाच्या हातातच. माणूस घरी नसेल तर चिठ्ठी ठेवायची, माल परत पोस्टात. सात दिवस तो तिथे थांबणार, तुम्ही येऊन न्यायचा. शेजाऱ्याकडे द्यायचा नाही, खिडकीत ठेवायचा नाही. लोक आम्हाला शिव्या घालायचे. ‘अरे, मी तुला रोज बघतो, ठेव ना तिथे!’ आम्ही ठेवत नसू. (आणि हो, माल हातात देऊन पैसे घेणे हा काही या मोबाइलवाल्यांचा शोध नाही. आपल्या टपाल खात्याची व्हीपी १८७७ सालची.)

माझ्या बीटवर, म्हणजे मी टपाल वाटायचो त्या भागात, एक म्हातारी होती. मुलगा बोटीवर कामाला, घरखर्चाचे पैसे मुंबईचा भाऊ मनीऑर्डरने पाठवायचा. तिला वाचता येत नव्हते. मी नोटा पुढे केल्या की ती फॉर्मकडे बघायचीही नाही. पायरीवर बसून थुंकी लावून एकेक नोट मोजायची. एकदा मला घाई होती. म्हटले, आंगठा दे, मग सावकाश मोज. तर म्हणते, ‘आदीं मेजतां, मागीर आंगठो.’ आधी मोजते, मग आंगठा. मला राग आला होता तेव्हा.

विमा पार्सलाची गोष्ट वेगळीच. त्याच्या शिवणीवर लाखेची मोहोर असायची, आणि प्रत्येक ठिकाणी वजन व्हायचे. निघताना जितके, पोचताना तितके. थोडा जरी फरक पडला तरी पुढे जायचे नाही. लाख फोडून परत लावता येते, चोराला ते जमते. पण काढलेल्या वस्तूच्या जागी नेमक्या तेवढ्याच वजनाचा दगड शोधणे कठीण. आज लोक सांगतात, फोन मागवला आणि साबणाची वडी निघाली. तेव्हा मी विचारतो, खोके हातात घेतल्यावर ते हलके लागले नाही? आम्ही हातानेच ओळखायचो.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी. कोणी कोणाला शिवायचे नाही. मुलगा गेटबाहेरून ओरडायचा, ‘पार्सल आयलां! खंय दवरूं?’ पार्सल आले, कुठे ठेवू? आणि आपण आतून ओरडायचो, ‘सोप्यार दवर!’ ओट्यावर ठेव. त्या दिवसांत ते बरोबरच होते. पण साथ गेली तरी तो शब्द राहिला. मला आज जे सांगायचे आहे ते या दोन शब्दांबद्दलच आहे. ज्याला आपण चोरी म्हणतो, त्यातले बरेचसे या दोन शब्दांतून सुरू होते. ‘दिले’ आणि ‘मिळाले’ यांच्यामध्ये जी फट पडते, ती चोराने पाडलेली नसते. ती आपण पाडतो.

माझेच ऐका. चवथीच्या आधी मी नवे चष्म्याचे भिंग आणि फ्रेम मागवली. ज्या दिवशी ती आली त्या दिवशी मी म्हार्दोळला लग्नात होतो. ताशे वाजत होते. फोन आला, ‘अंकल, ओटीपी?’ मी म्हणालो, घरी कोणी नाही, सोप्यार दवर. आणि ओटीपी सांगितला. पस्तीस वर्षे लोकांकडून सही घेतल्याशिवाय कागदसुद्धा न सोडलेल्या माणसाने! संध्याकाळी येऊन बघतो तर सोप्यावर काही नाही. फोनवर संदेश आहे: ‘ग्राहकाच्या हाती दिले.’ त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते. आकडा माझ्याच तोंडून गेला होता.

कंपनीला कळवले तर त्यांचे म्हणणे, तुमचा ओटीपी आहे. मी त्या मुलाला फोन केला. त्याच्याशी काय बोललो ते इथे सांगण्यासारखे नाही. शेजारी म्हणाले, पलीकडे घराचे बांधकाम चालू आहे, त्या मजुरांना विचारा. मी विचारायला निघालोही होतो. पाचव्या दिवशी तिसऱ्या घरचे मुंबईहून परत आले. आमचे आडनाव आणि त्यांचे आडनाव एकच. या वाड्यावर त्या आडनावाची नऊ घरे. मुलाने पार्सल त्यांच्या सोप्यावर ठेवले होते, त्यांच्या सुनेने आपले समजून आत नेले आणि कुलूप लावून सगळे मुंबईला. चोर कोणीच नव्हता. तरी त्या पाच दिवसांत मी मनातल्या मनात तिघांना चोर ठरवले होते, आणि त्यातल्या एकाला तसे फोनवर बोलूनही दाखवले होते.

आमच्याकडच्या पत्त्यांबद्दल दोन शब्द. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. गोव्याला ४०३ मिळाले, फोंड्याला ४०३४०१. पण तो पोस्ट ऑफिसपर्यंत आणून सोडतो. पुढे ‘कपेलाकडून आत, फणसाच्या झाडाजवळ’. कपेल म्हणजे छोटे चर्च. जुन्या पोस्टमनला ते झाड ठाऊक असते. नव्या मुलाला झाड दिसते, पण तो फणस आहे की आंबा हे कळत नाही, कारण तो आला असतो दुसऱ्या राज्यातून, आणि फणस काही बारा महिने लागलेला नसतो. २०२५ साली टपाल खात्याने डिजिपिन काढला. दहा अक्षर-आकड्यांचा एक संकेत, सुमारे चार मीटर बाय चार मीटरची जागा दाखवणारा. म्हणजे तुमचा सोपो वेगळा आणि तुळस वेगळी दाखवता येईल. चांगली गोष्ट आहे. तोवर पत्त्यात पंचायतीचा घरक्रमांक लिहा. माझे पार्सल चुकले कारण मी तो लिहिला नव्हता.

अमेरिकेत मात्र खरी दारातली चोरी आहे, आपल्यापेक्षा कितीतरी मोठी. तिथे पार्सल दाराशी ठेवून फोटो काढून निघून जाणे हीच रीत. त्या चोरांना नावही आहे, ‘पोर्च पायरेट’, म्हणजे ओट्यावरचे चाचे. कायद्याची गंमत बघा: सरकारी टपालाचे पार्सल चोरले तर देशाच्या कायद्याने पाच वर्षांपर्यंत कैद, पण खासगी कुरियरने ठेवलेल्या शेजारच्याच खोक्याला तो कायदा लागू नाही, त्याचे त्या-त्या राज्याने बघायचे. २०१८ साली मार्क रोबर नावाच्या, पूर्वी नासात असलेल्या अभियंत्याने चिडून एक खोके बनवले. चोराने उघडले की चमचम भुकटी उडणार, दुर्गंधीचा फवारा येणार आणि आतले फोन सगळे टिपणार. जगभर लोक हसले. मग त्यालाच कळले की त्यातल्या काही चोऱ्या बनावट होत्या, आणि त्याने जाहीर करून त्या चित्रफितीतून काढून टाकल्या. जर्मनीत २००१ पासून पार्सलांची कपाटे आहेत. आकडा दाबा, तुमचा खण उघडतो. तो उपाय मला भुकटीपेक्षा पटतो, कारण त्यात वस्तू उघड्यावर राहतच नाही.

प्रश्न आला आहे की पोलीस काय करतात. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता आहे. चोरी कलम ३०३. माल पाच हजारांहून कमी किमतीचा, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि त्याने माल किंवा पैसे परत केले, तर शिक्षा समाजसेवेची. आणि ही छोटी चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे तुम्ही बाराशेची चप्पल गेली म्हणून चौकीवर गेलात तर हवालदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेईल. दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय त्याला तपास करता येत नाही. त्याच्यावर रागावू नका. ज्याच्यावर पोचवण्यासाठी माल सोपवला त्यानेच तो गिळला तर गोष्ट निराळी. तो विश्वासघात, कलम ३१६, आणि माल वाहून नेणाऱ्याला त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पण बहुतेक वेळा तुमचे भांडण चोराशी नसतेच, विकणाऱ्याशी असते. २०२० चे ई-कॉमर्सचे नियम सांगतात की कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकालात काढायची. ती त्याच दिवशी, लेखी करा. ‘दिले’ असा संदेश आला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि विचारा: कोणाला दिले, कुठे दिले, फोटो दाखवा. ऐकले नाही तर १९१५, ग्राहक हेल्पलाइन. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, आणि दावा तुम्ही राहता तिथे लावता येतो. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. अर्थात ओटीपी आधीच सांगून बसला असाल, तर मग माझ्यासारखे गप्प.

ओटीपी म्हणजे आजचा आंगठा. म्हातारी बरोबर होती. खोके हातात आले, दाबून-उचलून पाहिले, टेप दुहेरी लावलेली नाही हे बघितले, मगच आकडा. आणि फोनवर कोणी म्हणाले, ‘पार्सल अडकले आहे, ताऱ्याने सुरू होणारा अमुक क्रमांक फिरवा’, तर फिरवू नका. त्याने तुमचे फोन दुसरीकडे वळतात, आणि बँकेचा ओटीपी चोर ऐकतो. पोस्टाच्या नावाने संदेश येतात की पत्ता अपुरा आहे, इथे दाबून पाच रुपये भरा. मी नोकरीत होतो तेव्हा अपुऱ्या पत्त्यासाठी आम्ही झाडे शोधली, पैसे मागितले नाहीत. पैसे गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. आणि पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात खोके टाकताना वरची चिठ्ठी फाडा. तुमचे नाव, घर, नंबर सगळे त्यावर असते.

कॅमेऱ्याबद्दल विचारले. लावा, हरकत नाही. पण जूनमध्ये पागोळ्यांचे पाणी काचेवर आले की चोर आणि मांजर सारखेच दिसतात. आणि पावसात सोप्यावर ठेवलेले पुस्तकांचे खोके चोराने न नेताही जाते.

आमच्या वाड्यावर आम्ही वेगळेच केले. कोपऱ्यावर एक पसरो, म्हणजे छोटे दुकान, आहे. सकाळी सात ते रात्री नऊ उघडा. आता जे घरी नसतात ते पत्त्यातच लिहितात, ‘घरी नसल्यास पसऱ्यावर’. मुलगा तिथे येतो, पसरेकार मालकाला फोन लावतो, खोके धरून कसे आहे ते सांगतो, आणि मग मालक ओटीपी देतो. नेणारा वहीत सही करतो. पार्सलामागे पसरेकाराला पाच रुपये. पैसे आधी देऊन मागवलेलेच घ्यायचे, रोखीचे नाही, हा त्याचा नियम. एकदा कोणी न मागवलेल्या खोक्याचे सहाशे रुपये त्याने खिशातून भरले होते, तेव्हापासून. मुलांनाही बरे पडते. नऊ घरांत एकच आडनाव शोधत फिरावे लागत नाही. माझ्याशी भांडण झालेला तो मुलगा अजून याच रस्त्यावर आहे. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, ‘अंकल, रोज कोणीतरी ओरडतो.’

ती वही मी आज बरोबर आणली आहे. कशी आखली आहे ते ज्यांना बघायचे असेल त्यांनी पुढे या. फक्त बघून झाली की माझ्या हातात द्या, टेबलावर ठेवून जाऊ नका.