विंचवाचं बिऱ्हाड ॲरिझोनात: निवृत्तांचा हिवाळा आरव्हीत

(कॅमेऱ्यासमोर. मागे गाडीचं दार उघडं, पायरीवर चपला.)

नमस्कार मंडळी! "रिटायर झालात, आरव्ही घेतलीत, आता काय, रोज नवं गाव! मजा आहे बुवा तुमची!" हे मला भेटेल तो माणूस ऐकवतो. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर: झोपायची जागा, स्वयंपाकघर, संडास, सगळं गाडीतच. मजा आहे, नाही कशाला म्हणू? पण रोज नवं गाव वगैरे काही नसतं. थंडी चुकवायला दक्षिणेला उतरणाऱ्या निवृत्त मंडळींना इकडे अमेरिकेत स्नोबर्ड म्हणतात. त्यातले मुरलेले लोक लांबचा प्रवास हंगामात दोनदाच करतात, एकदा जाताना आणि एकदा परतताना. मधले चार महिने गाडी उभी. आजचा व्हिडिओ त्या उभ्या गाडीतल्या संसाराबद्दल आहे.

आधी पैशाचं बोलू, म्हणजे गाडी उभी का ठेवायची ते कळेल. डेट्रॉइटच्या बाजूने निघालात तर ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट, म्हणजे आमचं हिवाळ्याचं गाव, दोन हजार मैलांच्या पुढे आहे. मोठी मोटारहोम गॅलनला आठ मैल देते, वारा पाठीशी असला तर नऊ. म्हणजे अडीचशे गॅलनच्या वर इंधन. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तरी एका बाजूचे नऊशे डॉलर गेले.

आता राहण्याचं बघा. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला ला पोसा नावाचं माळरान आहे, सरकारी मालकीचं. ते ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यात आहे, सगळे बीएलएम म्हणतात. त्यांनी १९८३ पासून अशा काही जागा हिवाळी मुक्कामासाठी राखून ठेवल्यात, नाव लाँग टर्म व्हिजिटर एरिया. हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. अख्ख्या हंगामाची फी कित्येक वर्षं १८० डॉलर होती; यंदाचा आकडा निघण्यापूर्वी बीएलएमच्या साइटवर बघून घ्या. १८० डॉलरमध्ये चार महिने राहिलात तर रोजचा दीड डॉलर पडतो. एवढ्यात धड कॉफी येत नाही.

ही फी न भरता बीएलएमच्या इतर मोकळ्या जमिनीवर फुकटही राहता येतं, पण साधारण १४ दिवसांनी बिऱ्हाड हलवावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाने दर पंधरवड्याला खुर्च्या, चटई, सोलर पॅनेल आवरायची? मी तरी फी भरीन.

पण दीड डॉलरात मिळतं काय? खडे, क्रिओसोटची झुडपं आणि मोकळं आभाळ. ला पोसात पाणी भरायची सोय आहे, सांडपाणी ओतायची जागा आहे, कचरा टाकता येतो. वीज नाही, नळजोडणी नाही, ड्रेनेज नाही. सगळं पाठीवर घेऊन यायचं. आणि इथे खरेखुरे विंचूही आहेत, बूट झटकून घालायचे.

(गाडीच्या बाजूला जाऊन, खालचे व्हॉल्व्ह दाखवत)

आता इथे जरा थांबू, कारण अर्धा संसार या दोन मुठींवर चालतो. आरव्हीत तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरी ग्रे टँक, तिच्यात बेसिनचं आणि अंघोळीचं पाणी जातं. तिसरी ब्लॅक टँक, ती कशाची ते तुम्ही ओळखलंच. चाळीस गॅलन पाणी म्हणजे साधारण दीडशे लिटर, दीडशे किलो वजन. पुण्यात दोन माणसं सकाळच्या अंघोळी आणि धुण्यात एवढं संपवतील. इथे ते आठवडा पुरवायचं. शॉवर सुरू, अंग ओलं, शॉवर बंद. साबण लावा. शॉवर सुरू, बंद. झाली अंघोळ. गरम पाणी येईपर्यंतचं थंड पाणी बादलीत धरायचं, ते संडासात टाकायला होतं.

नवीन लोकांची एक ठरलेली चूक सांगते. पूर्ण जोडणीच्या पार्कात, म्हणजे जिथे वीज, पाणी, ड्रेनेज गाडीला जोडून मिळतं तिथे, उतरले की ते ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात, आपोआप वाहून जाईल म्हणून. पाणी वाहून जातं हो, पण घट्ट ऐवज मागेच राहतो. तो साचतो, सुकतो, आणि संडासाच्या बरोबर खाली त्याचा डोंगर तयार होतो. मग बोलवा मेकॅनिक. व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, टाकी दोन-तृतीयांश भरू द्यायची आणि मग एका दमात सोडायची. आधी ब्लॅक, मागून ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइपही धुऊन निघतो. हातमोजे घालून. आणि ते हातमोजे स्वयंपाकघरात आणायचे नाहीत, हे मला आमच्या घरात दर हंगामाला नव्याने सांगावं लागतं.

ग्रे टँकला वास येतो तो खरकट्यामुळे. ताटं आधी कागदाने पुसा, मग स्प्रेच्या बाटलीने धुवा. कुकर हवाच: वरण, भात, बटाटे एकदम होतात आणि गॅस वाचतो. फोडणी मात्र बाहेर, टेबलावरच्या छोट्या शेगडीवर. आत मोहरी तडतडली रे तडतडली की धुराचा अलार्म बोंबलतो आणि शेजारचे म्हातारेबुवा आग विझवायचा सिलिंडर घेऊन हजर. तरी तो अलार्म काढून ठेवायचा नाही. जमिनीलगत बसवलेला गॅसचा अलार्म तर अजिबात नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळती झाली तर खालीच साठतो.

आणि वाळवंट म्हणजे ऊब, हा गैरसमज सोडा. जानेवारीत दुपारी वीस अंशांच्या आसपास छान असतं, पण सूर्य डोंगराआड गेला की स्वेटर. रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो, कधी शून्यालाही टेकतो. गाडीतली भट्टी, म्हणजे हीटर, प्रोपेनवर चालते, पण तिचा पंखा बॅटरीवर. दुबळी बॅटरी असेल तर पहाटे तीनला पंखा मंदावतो आणि भट्टी बंद पडते. त्यामुळे पैसे खर्च करायचेच असतील तर सोलर आणि लिथियम बॅटरीवर करा, टीव्हीवर नको.

गाव म्हणाल तर दोन-अडीच हजार वस्तीचं. हिवाळ्यात ते कित्येक पटींनी फुगतं, उन्हाळ्यात ४५ अंशांत पुन्हा ओस. जानेवारीत आरव्हीचं मोठं प्रदर्शन भरतं, खडे आणि रत्नांचे बाजार लागतात. माझा सल्ला: खडे बघा, प्रदर्शनातली चकचकीत यंत्रं बघू नका. इथल्या स्मशानात एक दगडी पिरॅमिड आहे, वर तांब्याचा उंट. तो हाजी अलीचा. १८५६ मध्ये अमेरिकी सैन्याने वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर हा आला. इथल्या जिभांनी त्याचा हाय जॉली केला. १९०२ मध्ये तो इथेच वारला.

दुखण्याखुपण्याचं बोलायलाच हवं. मेडिकेअर म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा. साध्या, मूळ मेडिकेअरवर देशभर, मेडिकेअर घेणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाता येतं. पण मेडिकेअर ॲडव्हांटेजचा, म्हणजे खासगी कंपनीमार्फतचा, एचएमओ प्लॅन (ठरावीक डॉक्टरांच्या यादीतलाच) असेल तर तुमचे डॉक्टर बहुधा घराजवळचेच. तातडीचं भागतं, नेहमीच्या तपासण्या अडतात. चार महिने बाहेर काढायचे तर हा मुद्दा गाडीच्या मॉडेलपेक्षा मोठा आहे. दातांचा खर्च मूळ मेडिकेअर सहसा देतच नाही. म्हणून मंडळी ऐंशी मैलांवर युमाला जातात, तिथून सीमेपलीकडच्या लॉस अल्गोडोनेसला. गाडी अमेरिकेत लावायची, चालत मेक्सिकोत शिरायचं. त्या चिमुकल्या गावात गल्लोगल्ली दंतवैद्य! पासपोर्ट विसरू नका, आणि परतीच्या रांगेसाठी टोपी घ्या.

कॅनडातल्या, टोरांटोकडच्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी. ओंटारिओचा सरकारी आरोग्य विमा टिकवायचा तर बारा महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात हवेत, म्हणजे बाहेर २१२. पण अमेरिकेच्या कर खात्याचं गणित वेगळं: यंदाचे सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक-तृतीयांश, अधिक त्याच्या आधीच्या वर्षाचा एक-षष्ठांश. बेरीज १८३ झाली की ते तुम्हाला करापुरतं रहिवासी धरू शकतात. दरवर्षी फक्त १२२ दिवस राहिलात तरी बरोबर १८३ भरतात! घाबरू नका. यंदाचे दिवस १८३ च्या आत असतील तर फॉर्म ८८४० भरून 'आमचं बस्तान कॅनडातच आहे' असं कळवता येतं. तो वेळेत भरा. आणि प्रवासी विम्यात जुन्या आजारांचं कलम वाचा. निघण्याच्या तोंडावर रक्तदाबाच्या गोळीचा डोस बदलला तरी अनेक कंपन्या त्या आजाराला 'स्थिर' मानत नाहीत.

मागे राहिलेल्या घराचं थोडक्यात: पाण्याचा मुख्य नळ बंद, पाइप रिकामे, हीटर तेरा अंशांवर, आणि आठवड्याला कुणीतरी आत डोकावणारं. रिकाम्या घरात पाइप फुटला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते: घरात कोण डोकावत होतं?

(पडद्यावर नकाशा)

शेवटी रस्ता. फोनमधला नकाशा तुम्हाला आय-४० महामार्गावरून फ्लॅगस्टाफला नेईल. ते सात हजार फुटांवर आहे आणि तिथे दणकून बर्फ पडतो. आम्ही अल्बुकर्कीहून आय-२५ ने खाली उतरतो आणि डेमिंगपाशी आय-१० पकडतो. थोडं लांब पडतं, पण वाटेत हॅच लागतं, मिरच्यांचं गाव. लाल सुक्या मिरच्यांच्या माळा घ्या, वर्षभराचं तिखट होतं.

परतताना घाई नको. १५ एप्रिलला हंगाम संपतो, पण डेट्रॉइटकडे, मिशिगनमध्ये, तेव्हाही रात्री पाणी गोठतं. टाकीत पाणी घेऊन उत्तरेला धावलात तर जाताना फुटण्यापासून वाचलेला पाइप येताना फुटेल. आम्ही टेक्सासात रेंगाळतो, मिसुरीत थांबतो, रोज रात्रीचं तापमान बघतो. थंडीच्या पट्ट्यात शिरायची वेळ आलीच तर गाडीतल्या नळ्यांतून आरव्हीचं गुलाबी अँटीफ्रीझ फिरवायचं, मोटारीच्या इंजिनातलं नव्हे, ते विषारी असतं, आणि शेवटचे दोन दिवस प्यायचं पाणी कॅनमधून वापरायचं.

पुढच्या व्हिडिओत बॅटरी आणि सोलरचा हिशोब मांडते, वह्या घेऊन बसा.