उसवता येईल असा टाका

(दृश्य: टेबलावर काळं कापड. त्यावर पालथी ठेवलेली बाहुली. दोन हात तिच्या केसांचा टोप हळूच सोडवतात.)

टोप निघाला. खाली डोक्याला वरून चांगलं मोठं भोक आहे, आणि मानेच्या मागे बारीक अक्षरं. आर्मांड मार्सेई. जर्मनी. ३९०. सगळ्यात खाली ए आणि एम यांच्या मधे ४.

पुण्यातल्या एका घराच्या फडताळातून ही बाहुली इथे दुरुस्तीला आली आहे. त्या घरातल्या आजींच्या आईची. आजींचे आजोबा रेल्वेत होते, त्यांनी ती मुंबईहून आणली, एवढंच घरात सांगितलं जातं. सगळे तिला विलायती बाहुली म्हणायचे. बाकीची माहिती मानेवर आहे. ३९० हा चेहऱ्याच्या साच्याचा क्रमांक, ४ हे डोक्याचं माप. आर्मांड मार्सेईचा कारखाना जर्मनीत, थुरिंगियातल्या झोनेबर्गशेजारी क्योपेल्सडॉर्फला होता. १८८५ साली सुरू झालेला. तिथून चिनीमातीची डोकी गाड्या भरभरून बाहेर पडायची आणि हा ३९० साचा तर इतका चालला की जगभरच्या जुन्या बाहुल्यांत तो आजही सहज सापडतो. मानेवर देशाचं नाव का? कारण अमेरिकेने १८९० साली कायदा केला, की १८९१पासून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवंच. तेव्हापासून डोक्यांवर 'जर्मनी' उमटायला लागलं.

पण कारखान्यात व्हायचं ते फक्त डोकं. झोनेबर्गच्या परिसरात बाहुली घराघरांत बनायची. एका घरात हात, दुसऱ्या घरात केस, तिसऱ्या घरात झबली. बायका आणि मुलं रात्री उशिरापर्यंत शिवत बसायची. या फ्रॉकच्या आतली शिवण पाहिली की ती घाई कळते. टाके लांब, कडा तशाच सोडलेल्या. ज्या मुलीसाठी हा फ्रॉक शिवला तिने तो आतून कधी पाहायचाच नव्हता.

(दृश्य: अंधारी खोली. बाहुलीच्या पोकळ डोक्यात छोटा दिवा.)

आधी तपासणी. बाहुली दुरुस्त करणाऱ्या ताई खोलीतला दिवा मालवतात आणि बाहुलीच्या डोक्यात एक बारका दिवा धरतात. गाल आतून उजळतात. बिस्क म्हणजे वरून काच न चढवलेली भाजकी चिनीमाती. त्यात केसाएवढा तडा असेल, तर एरवी दिसत नाही, प्रकाशात मात्र काळी रेघ उमटते. इथे एक आहे, कपाळापासून डाव्या भुवईपर्यंत. ती आहे तशीच राहणार आहे. वाढू नये म्हणून काळजी घ्यायची, बुजवायची नाही. त्यानंतर अतिनील दिवा. त्यात जुना रंग एका तऱ्हेने दिसतो, नंतर लावलेला गोंद आणि रंग दुसऱ्या तऱ्हेने चमकतात. मानेभोवती निळसर पांढरं कडं दिसतं.

"हे कुणी चिकटवलं होतं का, आजी?"

"आमच्या दादाने. मान डुगडुगायची ना. घरात डिंक होता, लावला."

दादाने ते मायेनेच केलं. पण या बाहुलीची मान चिकटवण्यासाठी नाहीच. डोकं खोबणीत बसतं आणि आत ताणलेल्या रबराने धरलेलं असतं. रबर सैल पडतं, कडक होतं, तुटतं. सगळ्या बाहुल्यांच्या नशिबी तेच. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९१३ साली बाहुल्यांचं इस्पितळ निघालं तेही यामुळेच. जपानहून जहाजाने सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्लास्टिकच्या, बाहुल्या यायच्या आणि वाटेतच त्यांची रबरं जायची. (लिस्बनच्या प्रासा दा फिगेइरा चौकातलं तर १८३० सालापासूनचं आहे. आपल्याकडे मात्र बाहुली मोडली की ती माळ्यावर जाते.)

डिंक सोडवायला सबंध सकाळ जाते. ओलसर कापसाचा बोळा, थोडी वाट पाहायची, लाकडी काडीने अलगद उचलायचं, पुन्हा बोळा. पाणी मानेखाली उतरता कामा नये, कारण धड कागदाचा लगदा, लाकडाचा भुसा आणि सरस यांचं आहे. सरस पाण्यात सुटतो. लाडाने आंघोळ घातलेल्या कितीतरी बाहुल्यांची पोटं अशीच उकलली आहेत. चेहऱ्याला मात्र पाण्याचं भय नाही. भुवया आणि गालांची लाली भट्टीत भाजलेली आहे. ओल्या कापसाने ऐंशी-नव्वद वर्षांची काजळी निघून येते, आणि किंचित उघड्या ओठांत वरचे चार दात दिसायला लागतात.

(दृश्य: डोक्याच्या आतला भाग, अगदी जवळून.)

डोळे मिटणारी बाहुली म्हणजे काय यंत्र असतं ते इथे बघा. काचेचे दोन डोळे एका तारेला जोडलेले, त्या तारेला खाली शिशाचं वजन. बाहुली आडवी झाली की वजन झुकतं आणि पापण्या खाली येतात. दोन्ही बाजूंना प्लास्टरचे चिमुकले टेकू. यातला एक टेकू सुटला आहे. हे नुसतं डोळे तिरपे होण्यापुरतं नसतं. सुटलेलं शिसं आतून चेहऱ्यावर आदळलं, तर चिनीमाती फुटते. म्हणूनच जाणकार अशा बाहुल्या पालथ्या ठेवतात. ताई मटाराएवढं प्लास्टर कालवतात, टेकू बसवतात आणि तो वाळेपर्यंत चहाला उठतात.

मग नवीन रबर. शिवणाच्या सामानाच्या दुकानात मिळतं तेच गोल इलॅस्टिक. पायांतून वर, धडातून मानेच्या आकड्यापर्यंत एक फेरा. दोन्ही हातांमधून आडवा दुसरा. ताण नेमका हवा. सैल राहिला तर बाहुली उभी राहत नाही, आणि फार आवळला तर मानेच्या कडेचा टवका उडतो. ताई आकडीने इलॅस्टिक ओढतात, सोडतात, पुन्हा ओढतात. बोटांना कळतं म्हणे.

शरीर इतकंच. ते तसं सोपं होतं. अवघड आहेत ते कपडे.

(दृश्य: पांढऱ्या कागदावर पसरलेला फिका गुलाबी रेशमी फ्रॉक. पुढच्या भागावर उभ्या चिरा.)

या फ्रॉकला कसर लागलेली नाही, उंदरांनीही कुरतडलेला नाही, कुणी खसकन ओढलेलाही नाही. तरी तो उभा उभा फाटतो आहे. घडीवर तर चुरा होतोय. याचं कारण बाहुलीहून जुनं आहे आणि व्यापाराचं आहे. कच्चं रेशीम उकळून त्याचा चिकट डिंक काढतात, तेव्हा त्याचं वजन साधारण पावपट घटतं. रेशीम विकलं जायचं वजनावर. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातले रंगारी ते कथिलाच्या क्षारांत बुडवून वजन भरून काढायला लागले. भरलंच तर जास्तच भरलं. कापड जड झालं, छान सळसळायला लागलं, गिऱ्हाईक खूष. पण तेच क्षार धाग्याला आतून ठिसूळ करतात. त्या काळच्या राण्यांचे झगे संग्रहालयांत असेच चिरफाळतात, तिथे बाहुलीच्या फ्रॉकचं काय घेऊन बसलात. झालेलं नुकसान परत फिरवणारा उपाय नाही. आधार देता येतो, एवढंच.

आणि इथे पुन्हा डिंकाशी गाठ पडते. डाव्या बाहीची चीर कुणीतरी आतून कागद चिकटवून बंद केली आहे. चिकटवलेली जागा टणक झाली, भोवतालचं रेशीम मऊ राहिलं. कापड हललं की त्या दोहोंच्या सीमेवरच ताण येतो. म्हणून आता कागदाच्या कडेकडेने नवी चीर गेली आहे, अगदी मापाने आखल्यासारखी. मला विचाराल, तर जुन्या कपड्याचं सगळ्यात जास्त नुकसान कसरीने नाही, डिंकाने केलं आहे.

ताईंचा नियम साधा आहे. जे करायचं, ते उद्या दुसऱ्या कुणालातरी काढता आलं पाहिजे. सुईचा टाका उसवता येतो. म्हणून जिथे सुई चालेल तिथे सुईच. चिनीमातीचा टवका जोडायला चिकटवण्याचं काही वापरावंच लागलं, तर ताई अ‍ॅसिटोनमध्ये सुटणारं राळेसारखं अ‍ॅक्रिलिक घेतात, झटपट चिकटणारा गोंद नाही.

(दृश्य: भिंगाखाली सुई आणि धागा.)

सुई बारा नंबरची. सुयांमध्ये नंबर वाढला की सुई बारीक होते, तेव्हा ही जवळजवळ केसासारखी. चिरलेल्या भागाच्या आतून आधी एक तलम, जाळीदार रेशीम लावायचं, फ्रॉकच्या रंगाशी जुळवून रंगवलेलं. शिवायचा धागाही त्याच तुकड्यातून ओढून काढलेला. चिरेच्या दोन कडा एकमेकींजवळ आणायच्या, पण ओढायच्या नाहीत. मग एक लांब धागा चिरेवरून आडवा टाकायचा आणि दोन-दोन मिलिमीटरवर इवल्या टाक्याने त्याला खाली धरायचं. गाठ मारायची नाही, कारण गाठ कापडाला टोचते. आणि टाका शाबूत रेशमात घ्यायचा. चुरा होणाऱ्या जागी सुई घातली, की तिथे भोक पडतं आणि त्या भोकापासून पुढची चीर निघते.

रफूगराला हे काम बघून हसू येईल. रफू म्हणजे फाटलेलं होतं हेच दिसू नये. इथे हातभर लांबून चीर दिसू नये, पण वीतभर जवळून पाहिलं तर दिसावी. टेबलावरच्या वहीत ताई लिहून ठेवतात, कुठल्या चिरेला कुठला धागा. काढलेला जुना कागदसुद्धा पाकिटात घालून ठेवला आहे.

आतला सुती परकर मात्र धुवायचा आहे. आधी लेसच्या कोपऱ्यावर ओला टीपकागद दाबून रंग उतरतो का ते पाहायचं. मग शुद्ध केलेल्या पाण्यात, जाळीच्या चौकटीवर तरंगत. रिठ्याचं पाणी ताई रेशमी पैठणीला एकवेळ चालवून घेतील, पण ते स्वतःच तपकिरी, पांढऱ्या सुताला नको. पहिलं पाणी काढ्याच्या रंगाचं होतं. दुसरं पिवळट. चोळायचं नाही, पिळायचं नाही, ब्लीचचं नाव काढायचं नाही. शेवटी काचेवर पसरून लेसचा एकेक कंगोरा बोटाने बसवायचा. वाळल्यावर इस्त्रीची गरजच पडत नाही. कमरेशी टाचणीच्या गंजाचा डाग राहिला आहे, तो राहू दे म्हणतात.

(दृश्य: जुन्या रुमालाची घडी उलगडते. आत वीतभर लुगडं आणि खणाची चोळी.)

आणि हे फडताळात वेगळं बांधून ठेवलेलं होतं. आजींच्या आईने लहानपणी, भातुकलीत बाहुलीचं लग्न लावलं तेव्हाचं. चोळी खणाची, काठावर पिवळी रेघ. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण तेव्हा घरोघरी यायचा, उरलेल्या तुकड्यावर पहिला हक्क बाहुलीचा. पुढे गाठ मारायची चोळी, बाहीला कातर सुद्धा. लुगडं घरातल्याच जुन्या लुगड्याच्या काठाचं. कॅमेरा जरा खाली येऊ दे. इथे. मधोमध शिवण दिसते? दंड घातला आहे. मोठ्यांचं लुगडं मधे विरलं, की विरलेला भाग काढून दोन तुकडे जोडायचे, ते पोरीने घरात पाहिलं आणि बाहुलीच्या लुगड्याला तसाच दंड घातला. टाके वेडेवाकडे, दोरा पांढरा, लुगडं हिरवं.

परदेशी संग्राहकाला हे दाखवलं, तर तो म्हणेल, मूळ फ्रॉक घाला, हे काढा. बाजारात किंमत मूळ कपड्यांना असते हे खरंच आहे. पण मूळ म्हणजे कोणतं? झोनेबर्गच्या कुठल्याशा घरात घाईने शिवलेला फ्रॉक या बाहुलीने काही वर्षं घातला असेल. त्यानंतर ती या घरात देशस्थांची सून होऊन नांदली. मला तरी लुगडंच खरं वाटतं.

"आजी, काय घालू हिला?"

"फ्रॉक जपून ठेव. पण नेसव तिला. आईला तशीच आवडायची."

खणाचा लाल रंग टीपकागदावर उतरला, म्हणून चोळी धुतलेली नाही. व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळी बांधून, लांबून, फक्त धूळ ओढून घेतली. दंडाला ताईंनी हात लावला नाही. त्याचा एक टाका सुटला होता, तो त्यांनी आजींनाच घालायला लावला. आजींनी चष्मा बदलला, दोरा ओवायला दोनदा चुकल्या, मग घातला.

फ्रॉक आम्लमुक्त कागदाचे बोळे आत भरून, घडी न घालता, खोक्यात गेला. फडताळात डांबरगोळ्या होत्या, त्या काढून टाकल्या. वेखंडाची पुरचुंडी चालेल, पण कापडाला टेकवून नको.

टेबलावर पुढचं काम दोन बाहुल्यांचं आहे. एक साठच्या दशकातली बार्बी, कानातल्या धातूच्या टिकल्यांनी कान हिरवे पडलेली. धातूचा गंज व्हिनाइलमध्ये झिरपतो, त्यामुळे आधी टिकल्या निघतील. दुसरा सेल्युलॉइडचा रांगता बाळ. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेट केलेला सेल्युलोज आणि कापूर. जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ निघते, तिने शेजारच्या बाहुलीचे कपडे आणि डोळ्यांच्या तारा खराब होतात. शिवाय ते भडाभडा पेटतं. म्हणून बाळ खोक्याचं झाकण उघडं ठेवून, देवघरापासून लांब, मागच्या गॅलरीत सावलीला एकटा ठेवलेला आहे.