कुठल्या पानावर?

(दृश्य : देवघेवीचं टेबल. पुस्तक उलटं करणारे हात. शिक्का.)

वाचनालयाच्या पुस्तकाचा मागचा पुठ्ठा उघडला की आत डकवलेली एक पट्टी दिसते. तारखांची. जांभळी शाई, कुठे फिकट, कुठे दोनदा उमटलेली. नीट पाहिलं तर ही पट्टी वाचता येते. वरच्या ओळींत पंधरा-पंधरा दिवसांच्या तारखा आहेत, म्हणजे तेव्हा पुस्तकाला उसंत नव्हती. मग एक तारीख, आणि तिच्या लगेच खालची तारीख अकरा वर्षांनंतरची. मधे कुणी मागितलंच नाही. त्याखाली चार ताजे शिक्के, दहा-दहा दिवसांच्या अंतरानं.

हे चार शिक्के एका वाचनकट्ट्याचे आहेत.

(दृश्य : तलावपाळी, रविवार सकाळ. मग नौपाड्यातली गल्ली, जिना, खोली.)

कट्टा म्हणायचं, पण बसायचं खोलीत. ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या कडेला सकाळी कितीही प्रसन्न वाटलं, तरी वाचणाऱ्याचा आवाज तिथे तिसऱ्या माणसापलीकडे पोचत नाही. रिक्षा असतात, हॉर्न असतात आणि ओळखीचं कुणी ना कुणी जाता-येता थांबतंच. म्हणून खोली. पंखा दोनवर, नाहीतर पानं उडतात. खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे टेबल नाही. टेबल आलं की त्याला एक डोक्याची बाजू येते आणि त्या बाजूला बसणारा आपोआप अध्यक्ष होतो.

खुर्च्या बारा. पंधराच्या वर माणसं गेली की तिघं बोलतात आणि बाकीचे ऐकतात. मग ते व्याख्यान होतं आणि व्याख्यानांची ठाण्यात कमी नाही. सहापेक्षा कमी असले तर एखादा न आल्यानं बैठक लंगडी पडते.

(दृश्य : ग्रंथालयाची इमारत, मांडण्या, जुनी दाखल-नोंदवही.)

ज्या गावात हे चाललंय, त्या गावाचं पुस्तकांशी नातं जुनं आहे. १ जून १८९३ रोजी इथे मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. ते उभं करणाऱ्यांत विनायक लक्ष्मण भावे होते, पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे. तेव्हा ते ऐन विशीत होते. मराठी पुस्तकं एका ठिकाणी जमवायची, जपायची आणि वाचकाच्या हाती द्यायची, एवढाच खटाटोप, पण त्या काळी मराठीसाठी असं कुणी केलं नव्हतं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ साली निघालं. साहित्य संमेलनंही ठाण्यानं पाहिली : १९६०, १९८८ आणि २०१०. संमेलनात पुस्तकं विकत घ्यायला रांगा लागतात, ते चांगलंच. पण घेतलेल्या पुस्तकाबद्दल पुढच्या महिन्यात कुणाशी बोलायचं, याची सोय मंडपात नसते.

(दृश्य : लोकल, खिडकीजवळचा वाचक. दारात उभा दुसरा.)

वाचायला वेळ नाही, ही तक्रार कट्ट्यावर ऐकून घेतली जात नाही. हिशेब सोपा आहे. ठाण्याहून सीएसएमटीला धिमी गाडी साधारण तासभर घेते. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराच्या पानावर अडीचशे ते तीनशे शब्द असतात. मनातल्या मनात वाचणारा तासात तीसएक पानं सहज उरकतो. उभं राहून, एका हातानं कडी धरून, वीस धरा. तीनशे पानांचं पुस्तक जाऊन-येऊन आठवड्या-दीड आठवड्याचं काम आहे. म्हणून प्रत्येकाला दहा दिवस.

वाचनालयात एका पुस्तकाच्या फार तर तीन प्रती मिळतात. तीन प्रती, बारा माणसं, प्रत्येकी दहा दिवस : चार फेऱ्या, चाळीस दिवस. म्हणजे पुस्तक बैठकीच्या सहा आठवडे आधी ठरायला हवं. हे लक्षात न घेता 'पुढच्या रविवारी अमुक वाचू या' असं ठरवणारे गट दुसऱ्या महिन्यात बंद पडतात, कारण बाराजणांपैकी तिघांनीच वाचलेलं असतं. फोनवर फिरणारी चोरटी पीडीएफ इथे चालत नाही. त्यात लेखकाचं आणि प्रकाशकाचं नुकसान आहेच, शिवाय अशा फायलीत पानं गळालेली असतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

(दृश्य : तीन प्रती शेजारी शेजारी. जाडी वेगवेगळी.)

या वेळी पुस्तक आहे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. मुळात हे १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं. आज ते संपूर्णही मिळतं आणि संक्षिप्तही. आणि पहिला घोळ इथेच होतो. एकाच्या हातात जाडजूड प्रत, दुसरीच्या हातात तिच्या निम्मी. एक म्हणतो, त्या प्रसंगावर बोलू. दुसरी म्हणते, असा प्रसंग माझ्या पुस्तकात नाहीच. दोघंही खरं बोलत असतात.

यावर उपाय म्हणजे ही खुणांची वही. जागा पानाच्या आकड्यानं ओळखायची नाही. प्रकरणाचं नाव आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द. समोर प्रत्येक आवृत्तीतलं पान. हा तक्ता करायला एका माणसाला एक संध्याकाळ लागते आणि बैठकीतली वीस मिनिटं वाचतात. आवृत्ती कुठली, हे कव्हरवर बघायचं नाही. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला बघायचं.

(दृश्य : चिमटीत कागदाच्या चिठ्ठ्या.)

खुणा करायला पेन नाही. वाचनालयाचं पुस्तक असेल तर पेन्सिलही नाही. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या दिसायला छान, पण जुन्या कागदावरून काढताना त्या अक्षरांची सालं काढतात. वर्तमानपत्राचा कपटा ठेवला, तर कालांतरानं पानावर त्याच आकाराचा तपकिरी डाग पडतो, कारण त्या कागदात आम्ल असतं. साध्या पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद चिठ्ठी, पानाबाहेर अर्धा इंच. एवढं पुरतं. एका माणसाला पाच चिठ्ठ्या. सहावी लावायची असेल तर आधीची एक काढायची. या एका अटीमुळे माणूस पुस्तक दुसऱ्यांदा चाळतो.

(दृश्य : बांधणीवाल्याचं दुकान. शिकंजा, दाभण, खळीचं भांडं. हा भाग सावकाश.)

तिसरी प्रत मात्र चौथ्या फेरीत उसवली. मोठ्यानं वाचायचं तर पुस्तक सपाट उघडं लागतं, आणि सपाट उघडणं प्रत्येक पुस्तकाला झेपत नाही.

जुनी पुस्तकं जुजबंदीची असतात. सोळा पानी फर्म्याची, म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाची, घडी म्हणजे एक जुज. अशा जुजा एकमेकींना दोऱ्यानं शिवलेल्या. ती घडी दोरा धरून ठेवते, म्हणून पुस्तक पंख्यासारखं उघडतं आणि मिटतं. हल्लीच्या बहुतेक पुस्तकांत घड्यांची पाठ कापून टाकतात आणि सुट्ट्या पानांच्या कडेला गरम सरस लावून वर कव्हर चिकटवतात. काम झटपट होतं, स्वस्त पडतं. पण सरस वाळून कडक झाला की मधोमध दाबताच कणा तडकतो आणि दोन पानं हातात येतात.

ही प्रत नशिबानं शिवलेली आहे. कारागीर आधी जुनी कव्हरं सोडवतो. कण्यावरचा वाळका सरस खरवडतो, ओला करून, नाहीतर कागद निघतो. घडीवर फाटलेल्या पानांना पातळ कागदाची पट्टी, खळीनं. ही खळ गव्हाच्या पिठाची, त्यात चिमूटभर मोरचूद. मोरचूद नसेल तर खळीच्या वासानं कसर येते आणि नेमकी कण्यापासून खायला सुरुवात करते. मग जुजा जुळवून शिकंज्यात आवळायच्या. करवतीनं कण्यावर आडव्या खाचा, खोल नाही, घडीच्या आतल्या पानापर्यंत पोचतील एवढ्याच. दोरा मेणावरून ओढलेला, म्हणजे तो सुटत नाही आणि कागद कापत नाही. एका जुजेतून आत, खाचेतून बाहेर, पुढच्या जुजेत. ताण फार दिला तर घडी चिरते, ढिला ठेवला तर पुस्तक तिरकं उभं राहतं.

(इथे निवेदन नाही. फक्त दोऱ्याचा आवाज. २५ सेकंद.)

कण्यावर कापडाची पट्टी, मग पुठ्ठे, मग वरचं कापड आणि रात्रभर वजनाखाली. पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही. ठाण्याला खाडी आहे, हवेत ओल असते, आणि खळ ओली असताना प्रत परत दिली तर पंधरा दिवसांत आतल्या बाजूला बुरशी धरते.

सुट्टी पानं असती तर काम वेगळं. आठ-आठ पानं एकत्र करून कडेवरून टाके घालावे लागतात, त्यात आतला समास खाल्ला जातो आणि ओळींची सुरुवात कण्याच्या घळीत जाते. सेलोटेप लावलेली पुस्तकं इथे रोज येतात. टेप पिवळी पडते, तिचा गोंद पसरतो आणि ती सोलताना खालचा मजकूर तिच्यासोबत येतो. पान सुटलं तर ते तसंच आत ठेवा आणि परत करताना सांगा. कुणी रागावत नाही.

(दृश्य : पुन्हा खोली. माणसं बसलेली.)

बैठक दीड तासाची. एक जण सूत्रधार, दर महिन्याला दुसरा. त्याचं काम बोलणं नाही, घड्याळ बघणं आणि एकच प्रश्न विचारणं.

पहिली दहा मिनिटं प्रत्येकानं आपली एक चिठ्ठी सांगायची. कारण नाही, फक्त जागा. दोन-तीन जागांवर एकाहून जास्त चिठ्ठ्या निघतात. त्याच चर्चेला घ्यायच्या, प्रत्येकी वीस मिनिटं.

गाडी कुठे अडते, तेही ठरलेलं आहे. कुणीतरी कथानक सांगायला लागतो. सगळ्यांनी वाचलेलं असतं. कुणी लेखकाच्या घरच्या गोष्टी काढतो. मजा येते, पण पुस्तक मिटतं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे 'मला फार भावलं'. यावर पुढचा माणूस काय बोलणार? सूत्रधार तेव्हा विचारतो : कुठल्या पानावर? प्रश्न रागाचा नाही. बोलणाऱ्याला पान उघडावं लागतं, बोट ठेवावं लागतं, आणि बोट ठेवलं की बाकीचे अकराजण त्याच ओळीकडे बघतात. कधी शोधता शोधता तोच म्हणतो, अरे, इथे तसं लिहिलेलंच नाही. माझ्या डोक्यातच होतं. असं झालं की बैठक रंगते.

पुस्तक पूर्ण न वाचलेल्यांनीही यायचं. फक्त शेवट कळेल याची कुरकुर करायची नाही.

(दृश्य : आजोबा वाचतात. मग तोच परिच्छेद तरुण मुलगी वाचते. पूर्ण ठेवणे, कापू नये.)

लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तिथला भाग. एकच परिच्छेद, दोन आवाज. मोठ्यानं वाचताना एका पानाला दोन ते तीन मिनिटं लागतात. पहिल्यानं दोन घेतली, दुसरीनं साडेतीन. लक्ष्मीबाईंचं लिहिणं बोलल्यासारखं आहे, त्यामुळे कुठे थांबायचं हे वाचणाऱ्यावर. आजोबांनी चेष्टेच्या सुरात वाचलं आणि खोलीत हसू आलं. तिनं त्याच वाक्यांच्या मधे जागा सोडली.

(निवेदन नाही. ४० सेकंद.)

मग वाद. विनोद आहे की विनोदाआड दडवलेलं काही? दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून पुढचं-मागचं पान वाचलं गेलं. एकानं विरामचिन्हं मोजली. संक्षिप्त प्रतीत मधलं एक वाक्य नाही असं निघालं, आणि ज्यांच्याकडे ती होती त्यांचं मत वेगळं का, याचा उलगडा तिथे झाला. निकाल लागला नाही. सूत्रधारानं वेळ संपल्याचं सांगितलं, तेव्हा चहा यायचा होता. चहा मधे आणायचा नाही. कप हातात आला की पुस्तक खाली जातं.

(दृश्य : तीन पुस्तकं, तीन वाचणारे.)

शेवटची दहा मिनिटं पुढच्या पुस्तकाची. तीन नावं, प्रत्येकाचं एक पान मोठ्यानं. पहिलं पान नाही, मधलं कुठलंही. पहिल्या पानावर लेखकानं खास मेहनत घेतलेली असते. मलपृष्ठावरचा मजकूर वाचायला मनाई. मग हात वर. वाचनालयात किमान दोन प्रती आहेत का, ते आधीच पाहून ठेवलेलं असतं. या काळात गटातल्या काहींनी नव्यानं वर्गणी भरली, वाचनालयानंही त्यांच्या मागणीवरून एक-दोन प्रती जास्त घेतल्या.

(दृश्य : देवघेवीचं टेबल, संध्याकाळ. बांधून आलेली प्रत.)

बांधणीहून आलेल्या प्रतीला नवी तारीखपट्टी हवी होती. ग्रंथपालबाईंनी जुनी काढली नाही. तिच्यावरच नवी लावली, फक्त वरच्या कडेला खळ देऊन. म्हणजे नवी पट्टी बोटानं उचलली की खालची अकरा वर्षांची उडी अजून दिसते. वरच्या पट्टीवर सध्या एकच शिक्का आहे.