पोटातले सालदार

नमस्कार श्रोतेहो.

आखाजी आली की आपल्या खानदेशात सालदार ठरतात. पैसे किती, धान्य किती, हे बोलणं झालं की वर्षभर शेत त्यांच्या हवाली. आज मी ज्या सालदारांबद्दल बोलणार आहे ते तुमच्या-माझ्या मोठ्या आतड्यात राबतात. माणसाच्या अंगात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू असतात, आपल्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीने. त्यांतले बहुतेक इथेच.

आतड्याचं अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचं. त्यावर बुळबुळीत चिकट थर, आणि त्या थरापलीकडे हे जिवाणू. अस्तराच्या अलीकडे प्रतिकार पेशींची छावणी असते, शरीरात दुसरीकडे कुठे नाही एवढी मोठी. परका दिसला की तुटून पडणं हेच या पेशींचं काम. मग एवढे परके उंबऱ्याशी बसलेले असताना रोज लढाई का पेटत नाही?

कारण त्या छावणीत सबुरीने घ्यायला लावणाऱ्याही पेशी आहेत. त्यांना नियंत्रक टी पेशी म्हणतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये त्या दाखवून दिल्या. 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत, याच कामासाठी मिळालं. या पेशी कमी पडल्या तर प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उठते.

आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. आतड्यात या पेशी वाढायला आपल्या भाकरीची मदत होते. ज्वारीतला कोंडा, कळण्याच्या भाकरीतल्या उडदाची सालं, यातला चोथा आपल्याला पचत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन तेच. 2013 मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी उंदरांवर दाखवलं, की अशी आम्लं मिळाली की नियंत्रक टी पेशी वाढतात. ब्युटिरेटमुळे पेशीतल्या जनुकांची घट्ट गुंडाळी सैल होते आणि सबुरीचं जनुक वाचलं जातं. हे आम्ल तुपातही असतं, पण तुपातलं वरच्यावर, लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याला लागतं ते जागेवर तयार झालेलं.

रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हतं. पण भाकरी गार झाली की तिच्यातल्या पिठूळाचा, म्हणजे स्टार्चचा, काही भाग पचायला कठीण होतो आणि जिवाणूंच्या वाट्याला जातो. रावेर-यावलच्या हिरव्या केळ्यातही हेच पिठूळ भरपूर असतं. केळं पिकलं की त्याची साखर होते. म्हणून कच्च्या केळीची भाजी मला पोटाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते.

चैत्रात आई बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी भिजत घालायची. तिसऱ्या दिवशी पातेल्यावर फेस यायचा, घरभर आंबूस वास सुटायचा. तो वास जिवाणूंच्या कामाचाच. मात्र घाटा शिजला की ते मरतात. जिवंत जिवाणू हवेत तर घरचं दही, ताक.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने 36 निरोगी माणसांना 10 आठवडे वेगळा आहार दिला. त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंचे प्रकार वाढले आणि रक्तातली दाह दाखवणारी 19 प्रथिनं कमी झाली. नुसता चोथा वाढवलेल्यांत मात्र फरक सगळ्यांना सारखा पडला नाही. ज्यांच्या पोटात आधीच तऱ्हेतऱ्हेचे जिवाणू होते, त्यांना तो जास्त मानवला. म्हणजे नुसतं धान्य भरून भागत नाही, राबणारे हातही लागतात.

ते हात मी स्वतः एकदा गमावलेत. माझ्या मुलाला साधी सर्दी झाली होती. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मीच त्याला पाच दिवस दिल्या. सर्दी विषाणूची, तिच्यावर त्या गोळ्यांचा काही उपयोग नसतो. पोरगं पुढे तीन आठवडे पोट धरून होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं अँटिबायोटिक जरूर पूर्ण घ्या. उरलेलं मात्र कुणाला देऊ नका.

चोथा एकदम वाढवू नका, गॅस धरतो. आज अर्धी भाकरी, आठवड्याने एक. आतड्याचा आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आमच्याकडे आता रोज रात्री दोन भाकरी मुद्दाम जास्त थापतो, सकाळच्या ताकासाठी.

नमस्कार.