आयर्विनला पाणी किती?

श्रोतेहो, नमस्कार.

आमची आत्या सांगलीत गावभागात राहते. वय 78. नातवानं तिच्यासाठी बोलणारा स्पीकर आणून ठेवलाय. आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथं मोजतात. पावसाळ्यात तिचा रोजचा प्रश्न एकच. "आयर्विनला..." एवढं म्हणून ती थांबते, चष्मा पुसते, मग म्हणते, "आज पाणी किती झालं रे?" तोवर स्पीकर "माफ करा, समजलं नाही" म्हणून मोकळा झालेला असतो. आत्या तडकते. "माझं संपायच्या आत हा बोलतोय! माझ्या सुनेची नाही झाली कधी हिंमत."

बोलताना जरा शांतता पडली की माणसाचं संपलं, असं हे यंत्र धरून चालतं. ही शांतता किती लांब धरायची ते बनवणारा ठरवतो. आणि तो बहुधा पंचविशीतला, घाईत असलेला.

मागे असाच स्पीकर बनवू पाहणारी ओळखीची चार इंजिनिअरिंगची पोरं आत्याकडे आली. हातात प्रश्नावली. आत्यानं ती बाजूला ठेवायला लावली, चहा टाकला आणि म्हणाली, "बसा. मी काय काय विचारते ते नुसतं ऐका." दोन तासांत पोरांच्या वह्या भरल्या. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता? पावणेतीनची गोळी घेतली का मी? कोयनेतनं किती सोडलं? इथं 'सोडलं' म्हणजे धरणाचा विसर्ग, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही कळतं. स्पीकरला कोणी सांगायचं?

दुसरी गोष्ट कानांची. वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज निसटतात. 'स', 'श' पुसट होतात, 'साठ'चं 'आठ' ऐकू येतं. नुसता आवाज वाढवून ते भागत नाही. सावकाश, जरा खालच्या पट्टीत सांगावं लागतं, आणि पुन्हा विचारलं तर न कंटाळता पुन्हा. पोरांनी तसा एक नमुना करून आणला. आत्यानं तीनदा नापास केला. चौथ्या वेळी म्हणाली, "हां, आता माणसासारखा बोलतोय."

2019 ला कृष्णेचं पाणी आयर्विनपाशी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आत्या दोन दिवस वरच्या मजल्यावर होती. त्यामुळे पोरं निघाली तेव्हा तिनं त्यांना दारातच थांबवलं.

"चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. एवढं पाठ करून घ्या त्याच्याकडनं. आणि एकोणचाळीस झालं की मी विचारायची वाट बघू नको म्हणावं."