दहा खासदार आणि पाचशे किलोमीटरची रेघ

मंडळी, ब्रेग्झिटवर, म्हणजे ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्यावर, बोलायचं तर लंडनच्या संसदेपासून सुरुवात करायची, असा रिवाज आहे. मी आज आयर्लंडमधल्या एका रस्त्यापासून करतो. मोनॅहन काउंटीत क्लोन्स नावाचं गाव आहे. तिथून कॅव्हनच्या दिशेने निघालात, की दहाएक किलोमीटरच्या टप्प्यात तुमचा रस्ता चार वेळा सीमा ओलांडतो. आधी आयर्लंडचं प्रजासत्ताक, मग ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड, पुन्हा प्रजासत्ताक, पुन्हा ब्रिटन, आणि मग एकदाचं प्रजासत्ताक. रस्त्याचा क्रमांकसुद्धा एन-५४, ए-३, एन-५४, ए-३ असा उड्या मारत जातो. गाडी चालवणाऱ्याला आपण देश बदलला हे कशावरून कळतं? वेगमर्यादेची पाटी किलोमीटरमध्ये आहे की मैलांमध्ये, आणि रस्त्याच्या कडेचा पट्टा पिवळा आहे की पांढरा, यावरून. लक्ष नसेल तर तेही कळत नाही.

ही सीमा साधारण पाचशे किलोमीटर लांब आहे. तिच्यावरून जाणारे रस्ते दोन्ही सरकारांनी मिळून मोजले, ते दोनशेच्या वर निघाले. अशी वेडीवाकडी सीमा कुणी आखली, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर कुणीच आखली नाही. १९२० च्या कायद्याने आयर्लंडचे दोन भाग केले, तेव्हा जुन्या काउंट्यांच्या हद्दीच उचलून सीमा म्हणून वापरल्या. अल्स्टर प्रांतात नऊ काउंट्या. त्यातल्या सहाच घेतल्या, कारण नऊ घेतल्या असत्या तर ब्रिटनबरोबर राहू पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांचं बहुमत अगदी काठावर आलं असतं. म्हणून बेटाचं सर्वांत उत्तरेचं टोक, डोनेगल, राजकीय भाषेत ‘दक्षिणेत’ आहे! पुढे हद्दी दुरुस्त करायला आयोग नेमला, १९२५ मध्ये त्याचा अहवाल एका वर्तमानपत्रात फुटला, गहजब झाला, आणि सगळ्यांनी मिळून तो अहवाल बासनात बांधला. रेघ होती तिथेच राहिली, शेतांच्या मधून आणि पेटिगोसारख्या गावांच्या मधून.

या रेघेवर दोन वेगवेगळ्या गोष्टी उभ्या होत्या, आणि त्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर पुढचा गोंधळ समजत नाही. एक म्हणजे कस्टम्स, १ एप्रिल १९२३ पासून. दुसरी म्हणजे लष्कर. १९६० च्या दशकाच्या अखेरीस, ब्रिटनबरोबर राहू म्हणणारे आणि आयर्लंड एक व्हावं म्हणणारे यांच्यात हिंसाचार सुरू झाला आणि तो तीस वर्षं चालला. साडेतीन हजारांच्या वर माणसं मेली. ब्रिटिश सैन्याने सीमेवरचे बहुतेक लहान रस्ते खड्डे पाडून, काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले. मोजक्या रस्त्यांवर तपासणी. या दोन गोष्टी एकमेकींत किती गुंतल्या होत्या याचं उदाहरण म्हणजे न्यूरी. २२ ऑगस्ट १९७२ ला तिथल्या कस्टम्सच्या कचेरीत बॉम्ब फुटला आणि नऊ जण गेले. कस्टम्सचे कर्मचारी, ट्रकचे ड्रायव्हर आणि बॉम्ब आणणारे स्वतः. जकातीचे कागद तपासणारा कारकून हासुद्धा तिथे परक्या सत्तेची खूण ठरत होता.

दोन्ही गोष्टी गेल्या, पण वेगवेगळ्या कारणांनी. लष्कर गेलं ते १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर, हळूहळू. कस्टम्स त्याच्या पाच वर्षं आधीच गेलं होतं, १ जानेवारी १९९३ ला, युरोपची सामायिक बाजारपेठ सुरू झाली तेव्हा. हे कसं झालं हे मुंबईकरांना सांगायला नको. दहिसरचा नि मुलुंडचा जकात नाका आठवा. ट्रकच्या त्या रांगा! १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि नाके उठले, कारण नाक्याच्या अलीकडे-पलीकडे कर एकच झाला. उद्या मुंबईने ठरवलं, की आम्ही जीएसटीतून बाहेर, आमचे कर नि आमचे नियम आम्ही करणार, तर दहिसरला पुन्हा कुणीतरी उभं राहणारच. नाका ही वाईट माणसांनी केलेली खोडी नसते. दोन बाजूंचे नियम वेगळे झाले की तो आपोआप उगवतो.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने ५१.९ टक्क्यांनी हेच ठरवलं. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र ५५.८ टक्के मतं युरोपात राहण्याच्या बाजूने पडली. प्रचाराच्या धामधुमीत लंडनमध्ये या सीमेची चर्चा जवळपास झालीच नाही. जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर हे दोन माजी पंतप्रधान उत्तर आयर्लंडमधल्या डेरीला जाऊन इशारा देऊन आले, तो कुणी मनावर घेतला नाही. पुढे परराष्ट्रमंत्री असताना बोरिस जॉन्सन म्हणाले, की लंडनच्या कॅम्डन आणि वेस्टमिन्स्टर या भागांमध्ये कुठे नाका आहे, तरी गर्दीच्या भागात गाडी आणल्याचा कर वसूल होतोच ना! उत्तर आयर्लंडच्या मंत्री केरन ब्रॅडली यांनी तर पद घेतल्यावर मुलाखतीत कबूल केलं, की तिथे राष्ट्रवादी, म्हणजे आयर्लंड एक व्हावं म्हणणारे लोक युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनबरोबर राहू म्हणणाऱ्या पक्षांना मत देत नाहीत हे मला आधी ठाऊक नव्हतं. ज्यांनी निर्णय घ्यायचे त्यांची तयारी ही अशी.

आता पेच बघा. ब्रिटन तीन गोष्टी एकदम मागत होता. युरोपच्या बाजारपेठेतून आणि कस्टम्स युनियनमधून, म्हणजे सामायिक जकातीच्या क्षेत्रातून, बाहेर पडायचं. आयर्लंडच्या बेटावर नाका नको. आणि उत्तर आयर्लंड व उरलेला ब्रिटन यांच्यामध्येही नाका नको. यातल्या कुठल्याही दोन मिळतात, तिसरी सोडावी लागते. पुढच्या चार वर्षांचं राजकारण म्हणजे तिसरी कोणती सोडायची हे न सांगण्याची कसरत होती. कॅमेरे, ड्रोन, संगणक यांनी सीमा अदृश्य करू, असं बरेच जण सांगत. उत्तर आयर्लंडचे पोलीस प्रमुख सांगत होते, की सीमेवर जे काही उभारलं जाईल त्यावर हल्ला होईल, मग त्याच्या रक्षणाला पोलीस लागतील, आणि पोलिसांच्या रक्षणाला आणखी कुणीतरी.

त्यात जून २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी हौसेने निवडणूक घेतली आणि बहुमत घालवलं. सरकार टिकवायला उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टीचे, म्हणजे डीयूपीचे, दहा खासदार लागले. त्यांचा पाठिंबा मिळाला आणि उत्तर आयर्लंडला १ अब्ज पौंडांचा जादा निधीही मिळाला. शिन फेन या राष्ट्रवादी पक्षाचे सात खासदार होते, पण ते ब्रिटिश राजाची शपथ घेत नाहीत म्हणून वेस्टमिन्स्टरमध्ये बसतच नाहीत. परिणाम असा, की युरोपात राहू इच्छिणाऱ्या प्रदेशाचा सभागृहातला आवाज जवळपास पूर्णपणे ब्रेग्झिटवाल्या पक्षाचा झाला. ४ डिसेंबर २०१७ ला मे ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष युंकर यांच्याबरोबर जेवायला बसल्या होत्या, मसुदा तयार होता. डीयूपीच्या नेत्या अर्लीन फॉस्टर यांचा फोन आला आणि मसुदा तिथेच अडला. चार दिवसांनी नवा आला. त्यात बेटावर नाका न उभारण्याची हमीही होती आणि आयरिश समुद्रात, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनच्या मध्ये, नवी आडकाठी न घालण्याचीही. दोन्ही पाळायच्या तर अख्ख्या ब्रिटनला युरोपच्या नियमांजवळ राहावं लागणार, हे कुणी मोठ्याने म्हटलं नाही.

डब्लिनमध्ये तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांचे वडील डॉक्टर अशोक वराडकर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आपल्याकडे ‘मालवणचा सुपुत्र’ म्हणून मथळे झाले आणि अभिमान वाटणं स्वाभाविकच होतं. पण बेटावर नाका नको ही भूमिका त्यांची एकट्याची नव्हती. आयर्लंडमधले सत्ताधारी आणि विरोधक या प्रश्नावर एका सुरात बोलत होते, आणि युरोपीय संघातले बाकीचे सव्वीस देश त्यांच्यामागे होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रसेल्समधल्या युरोपीय नेत्यांच्या भोजनाला वराडकर आयरिश टाइम्सचा अंक घेऊन गेले. त्यात न्यूरीच्या त्या बॉम्बची हकिकत होती.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मे यांनी करार आणला, त्यातला बदनाम भाग म्हणजे बॅकस्टॉप. दुसरा उपाय सापडेपर्यंत सगळा ब्रिटन युरोपबरोबर एकाच कस्टम्स क्षेत्रात राहील, उत्तर आयर्लंडला त्यावर थोडे जादा नियम. युनियनिस्टांच्या बाजूने पाहिलं तर यापेक्षा चांगलं काही मिळणं शक्य नव्हतं, असं माझं मत आहे. बेलफास्ट आणि लिव्हरपूल यांच्यामध्ये जकातीची भिंत उभी राहत नव्हती. तरी डीयूपीने विरोध केला. १५ जानेवारी २०१९ ला करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. ब्रिटनच्या आधुनिक इतिहासात कुठल्याही सरकारचा इतका मोठा पराभव झाला नव्हता. मार्चमध्ये आणखी दोनदा पडला, शेवटच्या वेळी ५८ मतांनी. दहा मतांनी तो फरक भरून निघाला नसता, हे खरं. पण मे यांच्या हुजूर पक्षातले कितीतरी ब्रेग्झिटवाले ‘डीयूपी मान्य करेल तर आम्हीही करू’ म्हणून थांबले होते. मे गेल्या.

जॉन्सन आले. हेच जॉन्सन नोव्हेंबर २०१८ मध्ये बेलफास्टला डीयूपीच्या अधिवेशनात टाळ्या घेऊन आले होते, की समुद्रात नाका उभारणारा करार कुठल्याही हुजूर सरकारने करू नये. वर्ष भरायच्या आत, १० ऑक्टोबर २०१९ ला, लिव्हरपूलजवळच्या विरल भागात ते वराडकरांना भेटले आणि आठवड्याभरात नेमका तोच करार झाला. उत्तर आयर्लंड कागदावर ब्रिटनच्या जकात क्षेत्रात, व्यवहारात मालापुरते युरोपचे नियम. तपासणी बेलफास्ट आणि लार्नच्या बंदरात. डिसेंबरच्या निवडणुकीत जॉन्सन यांना ८० चं बहुमत मिळालं आणि त्या दहा मतांची किंमत शून्य झाली. स्वतःला सगळ्यात कट्टर ब्रिटिश म्हणवणाऱ्या पक्षाने आपल्याच हाताने आपल्या आणि ब्रिटनच्या मध्ये सीमा ओढवून घेतली. याला दुर्दैव म्हणायचं का? मी म्हणणार नाही. हिशेब चुकला.

पुढचं भराभर सांगतो. १ जानेवारी २०२१ ला नियम लागू झाले. सॉसेज बंदरातून पुढे जाणार की नाही, यावर दोन अण्वस्त्रधारी बाजूंची वादावादी झाली, युरोपच्या बाजूला फ्रान्स होता म्हणून म्हणतो. जानेवारी २०२१ च्याच २९ तारखेला युरोपीय आयोगाने कोविडच्या लशींच्या भांडणात स्वतःच या सीमेवर निर्बंध घालायचं जाहीर केलं आणि काही तासांत मागे घेतलं. सीमेचं पावित्र्य शिकवणाऱ्यांनीच असं करावं! फॉस्टर यांचं पद गेलं, त्यांच्यानंतरचा पक्षनेता तीन आठवडे टिकला. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीयूपीने स्टॉर्माँटचं, म्हणजे उत्तर आयर्लंडचं स्थानिक सरकार पाडलं, आणि सरकारात दोन्ही समाजांचे पक्ष लागतात या नियमामुळे दोन वर्षं सरकारच नव्हतं. मधल्या निवडणुकीत शिन फेनला २७ आणि डीयूपीला २५ जागा मिळाल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी विंडसरचा समझोता केला. उत्तर आयर्लंडमध्येच विकला जाणारा माल हिरव्या मार्गाने, पुढे प्रजासत्ताकात जाण्याची शक्यता असलेला लाल मार्गाने. ३ फेब्रुवारी २०२४ ला सरकार परत आलं तेव्हा मुख्यपदी शिन फेनच्या मिशेल ओनील होत्या. ज्या राज्याच्या सीमा युनियनिस्टांचं बहुमत कायम राहावं म्हणून आखल्या, त्याच्या प्रमुखपदी पहिल्यांदाच राष्ट्रवादी नेता बसला.

डिसेंबर २०२४ मध्ये स्टॉर्माँटच्या विधानसभेने ही व्यवस्था चालू ठेवायला ४८ विरुद्ध ३६ अशी मंजुरी दिली. एकाही युनियनिस्टाने बाजूने मत दिलं नाही. दोन्ही समाजांची संमती असती तर मुदत आठ वर्षांची मिळाली असती, ती नव्हती म्हणून चारच. मे २०२५ मध्ये कीअर स्टार्मर यांच्या सरकारने युरोपबरोबर अन्न आणि शेतीमालाच्या सामायिक नियमांवर करार करायचं मान्य केलं. तो प्रत्यक्षात आला तर लार्नमधली मांसाची नि दुधाची बरीच तपासणी उठेल, कारण अन्नापुरता तरी सगळा ब्रिटनच युरोपचे नियम पाळू लागेल. २०१९ च्या मार्चमध्ये डीयूपीने ज्याला नाही म्हटलं, त्याच्या बरंच जवळ हे जातं. जकातीचे कागद मात्र समुद्रातच राहतील. ते उठवायचे तर कस्टम्स युनियनमध्ये परत जावं लागेल, आणि तो विषय स्टार्मर यांनी आपल्या जाहीरनाम्यातच बंद करून टाकला आहे.